राजीनामा दिल्यावर कामाचं काय करायचं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात मी टेस्टिंग आणि क्वालिटी सांभाळते. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचे इतके कारखाने आहेत की आमच्या हाताखाली तयार झालेला मुलगा दोन-तीन वर्षांत दुसऱ्या गेटात जातोच. त्यात काही गैर नाही. पगार वाढतो, घराचा हप्ता सुटतो, जाणाऱ्याने जावं. पण राजीनामा दिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत नेमकं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. घरी वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असले तर त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून हे लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच: आपल्या जागी येणाऱ्याला आपल्याला फोन करायची वेळ येऊ नये अशी सोय करून जाणं, हे नोटिशीच्या, म्हणजे राजीनाम्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतच्या, काळातलं मुख्य काम. किती तास बसायचं, किती रजा घ्यायची, कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं नाकारायचं, हे सगळं त्यावरून ठरवता येतं.

राजीनामा लिहिण्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. नोटीस एक महिन्याची आहे का तीन, पैसे भरून ती कमी करता येते का, शिल्लक रजा त्यात वळती होते का, हे तिथेच लिहिलेलं असतं. नोकरीला पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर नव्या कंपनीकडे रुजू व्हायची तारीख पुढे मागून बघा. पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची ठोक रक्कम, लागू होते. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार 26,000 असेल तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं. दर वर्षाचे 15,000 होतात. पाच वर्षांचे 75,000. थोड्या दिवसांसाठी एवढी रक्कम सोडू नये.

मग आधी साहेबांना समोर बसून सांगा. कँटीनमधून त्यांच्या कानावर जाता कामा नये. त्याच दिवशी मेल करा. त्यात राजीनाम्याची तारीख आणि तुमच्या हिशेबाने येणारा शेवटचा दिवस लिहा आणि उत्तर मागा. तोंडी ‘हो हो, बघू’ वर थांबू नका. नंतर तारखेवरून वाद झाला तर तेवढा मेलच कामाला येतो. सोडण्याचं कारण दोन ओळींत पुरे. साहेबांबद्दलची तक्रार राजीनाम्याच्या पत्रात घालू नका. ती घालायचीच असेल तर वेगळी, पुराव्यासकट, एचआरकडे द्या.

आता मुख्य काम, हँडओव्हर, म्हणजे आपलं काम पुढच्याच्या हाती सोपवणं. बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात एक एक्सेल शीट बनवतात, त्यात फोल्डरांची नावं टाकतात आणि मोकळे होतात. त्याने काही होत नाही. फोल्डर कोणीही शोधतो. जे फक्त तुमच्या हातात आणि डोक्यात आहे ते कागदावर यायला हवं.

आमच्याकडचं उदाहरण देते. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची बीडीव्ही टेस्ट असते, तेल किती किलोव्होल्टपर्यंत तग धरतं ते बघायची. रीत सगळ्यांना पाठ असते: इलेक्ट्रोडमधलं अंतर 2.5 मिलिमीटर, तेल ओतल्यावर पाच मिनिटं थांबायचं, सहा रीडिंग घ्यायची, सरासरी काढायची. हे प्रोसिजरमध्ये लिहिलेलंच आहे. पण आमच्याकडून गेलेल्या एका मुलाने नोटिशीच्या दिवसांत वहीत वेगळं लिहून ठेवलं. पावसाळ्यात नमुन्याच्या बाटलीचं बूच टेस्टच्या टेबलाशी आल्यावरच उघडायचं, कारण हवेतला दमटपणा तेलात उतरला की रीडिंग पडतं आणि आपण चांगल्या तेलाला नावं ठेवत बसतो. कप त्याच तेलाने विसळून घ्यायचा. कप पुसायला सुती फडकं नको, त्याचा तंतू आत राहतो. मशीनचा कप हलवून ठेवला की इलेक्ट्रोडमधलं अंतर सरकतं, म्हणून दर सोमवारी गेज घालून बघायचं. कोणत्या सप्लायरच्या बॅरलचं तेल पहिल्या फेरीत कमी दाखवतं आणि फिल्टर केल्यावर वर येतं, तेही त्याने लिहिलं. ती वही आजही टेस्टिंगच्या टेबलावर आहे, कडा तेलाने काळ्या झाल्यात. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी ती वही देते आणि मग प्रोसिजरची फाइल.

आणि ती वही त्याने गुजरातीत लिहिली. मुलगा दांडिया बाजारातला, घरी मराठी, ऑफिसचा सगळा कारभार इंग्रजीत. पण टेस्टचं बटण दाबणारे भाई गुजराती वाचतात. वापरणारा ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत लिहावं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं, अजून वाटतं.

तुमचं काम वेगळं असेल. अकाउंट्समध्ये असाल तर कोणता सप्लायर बिलात जीएसटी नंबर चुकीचा टाकतो ते लिहा. पर्चेसमध्ये असाल तर कोणाला मेल पाठवून उपयोग नाही, सकाळी अकराच्या आत फोनच करावा लागतो, ते लिहा. तारखांची यादी तर हवीच: कोणत्या उपकरणाच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकतेच्या तपासणीची, मुदत कधी संपते, कोणत्या कंत्राटाचं नूतनीकरण कधी, ग्राहकाचा इन्स्पेक्टर कधी यायचा आहे. ही यादी पहिल्याच आठवड्यात करा. शेवटी ठेवली की निम्मं आठवत नाही.

लिहिण्याइतकंच शिकवणंही महत्त्वाचं. आधी तुम्ही करा, तुमच्या जागी येणाऱ्याला बघू दे. मग तो करेल, तुम्ही शेजारी गप्प उभं राहा. हे सर्वांत कठीण, हात शिवशिवतात. मग त्याला एकट्याला करू दे, तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. तिथून तो उठून जे विचारायला येईल ते तुमच्या वहीत राहून गेलेलं असतं. लगेच लिहून टाका. बदली माणूस दिलाच नसेल, आणि बऱ्याचदा देत नाहीत, तर साहेबांना मेलने विचारा की हे कोणाला समजावू. उत्तर आलं नाही तरी वही पुरी करा.

मधल्या आठवड्यांत मन उडतं. ‘ताई, आता लक्षच लागत नाही,’ असं मला कितीतरी जणांनी येऊन सांगितलंय. ते साहजिक आहे. मीटिंगांना बोलावणं बंद होतं, नव्या ऑर्डरींच्या मेलमधून नाव गळतं, चहाला बसलेले लोक तुम्ही आलात की विषय बदलतात. त्याचा राग धरू नका. वेळेवर या, वेळेवर जा, हातातलं काम नेहमीसारखं करा. उशिरापर्यंत बसून निष्ठा दाखवायची गरज नाही, आणि अकरा वाजता येऊन मोबाइल बघत बसायचाही हक्क नाही. पगार त्या दिवसांचाही घेताय. सहा महिने चालणारं नवीन काम कोणी गळ्यात मारू लागलं तर सरळ सांगा, ‘सर, हे मी अर्धवट सोडून जाईन, त्यापेक्षा सुरुवातीपासून दुसऱ्याला द्या.’ समजूतदार साहेब ऐकतात.

रजेचं आधी बोलून ठरवा. नोटीस नवरात्रात आली तर नऊ रात्री गरबा करून सकाळी गैरहजर, हे चालणार नाही. उत्तरायणाची सुट्टी घ्या, पण कळवून. कित्येक कंपन्यांत नोटिशीतली रजा शेवटचा दिवस पुढे ढकलते, आणि मग नव्या कंपनीची तारीख हुकते.

साहेबच पगार वाढवून ‘थांब’ म्हणाले तर? निर्णय तुमचा. पण नव्या कंपनीला हो म्हणून झालं असेल तर शब्द पाळावा असं माझं मत आहे. आपलं हे औद्योगिक बडोदं लहान आहे, पर्चेसवाले आणि क्वालिटीवाले एकमेकांना ओळखतात.

साहेब त्रासच देत असतील, शिव्या, रात्री अपरात्री फोन, रिलीव्हिंग, म्हणजे कामातून मोकळं करणं, अडवायची धमकी, तर तोंडी भांडू नका, प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी मेलवर आणा. कोर्ट कोणालाही जबरदस्तीने नोकरीत बसवत नाही. करारात असेल तर अपुऱ्या नोटिशीचे पैसे मात्र कापले जाऊ शकतात. त्या रकमेवर कोणी 18 टक्के जीएसटी लावू लागलं तर 3 ऑगस्ट 2022 चं सीबीआयसीचं, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाचं, परिपत्रक दाखवा. नोटीस पेवर जीएसटी लागत नाही. आणि साहेब कितीही वाईट असले तरी वही लिहाच. ती साहेबांसाठी नसतेच, तुमच्या खुर्चीत येणाऱ्या पोरासाठी असते.

ड्रॉइंग, दरपत्रकं, ग्राहकांच्या याद्या पेन ड्राइव्हवर घेऊ नका. आपल्या हातचं काम आहे म्हणून ते आपलं होत नाही. स्वतःचे फोटो, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 तेवढे काढून घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवरचं काहीही पुसायच्या आधी आयटीला विचारा.

पीएफचं लक्षात ठेवा. पैसे काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. सलग नोकरी पाच वर्षांची होण्याआधी काढलेल्या पैशांवर कर लागू शकतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. मध्येच काढून टाकलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर भरली की नाही ते तपासा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. कंपनीचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशीच बंद होतो. आईबाबांचं नाव त्यात असेल तर मधल्या दिवसांची सोय आधी करा.

शेवटच्या दिवशी ओळखपत्र, किल्ल्या, सेफ्टी शूज, हेल्मेट देऊन प्रत्येकाची पोच घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र त्याच दिवशी मिळालं तर उत्तम, नाहीतर कधी मिळेल ते मेलवर मागा. शॉपफ्लोअरवर जाऊन प्रत्येकाला भेटा, वॉचमनकाकांनाही. सेवउसळ खिलवायची असेल तर पहिल्या शिफ्टलाही सांगा, ऑफिसातल्या लोकांपुरती ठेवू नका.

पुढचे काही आठवडे फोन येतीलच. वहीत सुटलेलं एखादं असेल तर जरूर सांगा, पण संध्याकाळी, नव्या कंपनीच्या वेळेत नाही. आणि मागची तारीख टाकून एखाद्या टेस्ट रिपोर्टवर सही मागायला कोणी घरी आलं, कितीही जवळचं असलं, तरी चहा पाजा आणि सही करू नका. तुम्ही न केलेल्या टेस्टवर तुमची सही जाता कामा नये. तो ट्रान्सफॉर्मर कुठल्यातरी गावाला वीज द्यायला उभा राहणार असतो.