स्टोलन बेसचा नुसता आकडा बघून भुलू नका

बेसबॉल नवीन नवीन बघताना पळणारा आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला फील्डर) लगेच आवडतो, मग आपण त्याचं रेकॉर्ड उघडतो, स्टोलन बेसचा, म्हणजे पिचर (बॉल टाकणारा) बॉल टाकत असताना पळून चोरलेल्या पुढच्या बेसचा (धाव घेतानाच्या पुढच्या टप्प्याचा) आकडा बघतो आणि खुश. तिथेच गंडतं.

आधी तो किती वेळा पकडला गेला ते बघा. आपल्या क्रिकेटमधल्या चोरट्या धावेसारखंच आहे, रनआउट झालात की आधीची मजा गेली. शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर चोऱ्या तरी जमायला हव्यात, नाहीतर टीमचं नुकसानच. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या रिकी हेंडरसनने १९८२ ला १३० बेस चोरले पण ४२ वेळा पकडलाही गेला, म्हणजे त्या रेषेच्या जरासाच वर. टिम रेन्सचे अख्ख्या करिअरचे ८०८, पण जवळपास ८५ टक्के यश! मला तर रेन्सच जास्त आवडतो.

मग ऑन-बेस पर्सेंटेज (बॅटिंगला आल्यावर किती वेळा बेसवर पोचला ते), आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण फर्स्ट बेसवर पोचलाच नाही तर सेकंड बेस चोरणार कुठून? व्हिन्स कोलमनने पहिल्या तिन्ही सीझनमध्ये शंभरच्या वर बेस चोरले (हाच तो, १९८५ च्या प्लेऑफमध्ये मैदान झाकायच्या ऑटोमॅटिक ताडपत्रीखाली पाय सापडला आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनलच हुकली, एवढा वेगवान माणूस आणि गाठलं कोणी तर ताडपत्रीने), पण त्याचं करिअरचं ऑन-बेस ०.३२४ आणि हेंडरसनचं ०.४०१. हेंडरसनने २१९० वॉक (चार खराब बॉल सोडून फुकटात मिळणारा फर्स्ट बेस) काढलेत, त्याच्या १४०६ चोऱ्यांचं अर्धं गुपित तिथेच आहे.

फील्डिंगसाठी स्प्रिंट स्पीड बघा, सरासरी सेकंदाला २७ फूट, ३० म्हणजे एकदम टॉप. पण बॉल बॅटवरून सुटल्यावर पहिली दोन पावलं योग्य दिशेला पडली नाहीत तर तो स्पीड वायाच, त्यामुळे सेंटर फील्डर (मधला आउटफिल्डर) बघताना नजर त्याच्या पायांवर ठेवा, बॉल काय कॅमेरा दाखवतोच.

वर्षही तपासा. २०२३ पासून बेस १५ ऐवजी १८ इंचांचे झाले आणि पिचरने मोकळेपणाने पिकऑफ (बेसवरच्या रनरला बाद करायला बेसकडे केलेली फेक) टाकण्यावर मर्यादा आली, तेव्हा त्यानंतरचे आकडे जुन्यांशी सरळ जुळवू नका. अटलांटाचा आउटफिल्डर रोनाल्ड अकुन्याचे त्या वर्षीचे ७३ चोरलेले बेस भारीच आहेत, तरी हे डोक्यात असू द्या.

शेवटी वय. पाय गेले की असे खेळाडू गेले असं आपण धरूनच चालतो, पण १९९८ ला अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सगळ्यात जास्त ६६ बेस चोरले ते ३९ वर्षांच्या हेंडरसनने.