अनझिप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हात घालायचाय? मग कोड नंतर, आधी फाईल

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर अकाउंट्स बघतो, कोडिंग म्हणजे रात्री जेवणं आटपल्यावरचा नाद. इथली इंजिनिअरिंगची पोरं सारखी विचारतात की दादा ओपन सोर्समध्ये काम करायचंय, सुरुवात कुठनं करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, अनझिपपासून कर. पोरं हसतात, त्यांना एआयचं काहीतरी पाहिजे असतं.

पण बघा, कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामला बरंच डोकं चालवावं लागतं, उलगडणाऱ्याला तसलं काही नाही, फाईलमध्ये जे लिहिलंय त्याचं एकच बरोबर उत्तर निघतं आणि झिपमध्ये सीआरसी-३२ चा आकडा असतो (मूळ फाईलच्या बाइटांवरनं काढलेला ताळ्याचा आकडा), तो उलगडलेल्या फाईलशी जुळला नाही की समजायचं कुठंतरी गंडलंय. नवशिक्याला याच्यापेक्षा चांगला मास्तर मिळणार नाही. झिपमध्ये बहुतेक वेळा डिफ्लेट ही पद्धत असते, तिचं स्पेसिफिकेशन (नियमांचा कागद) १९९६ चं आहे, नाव आरएफसी १९५१, आणि ते एका रविवारी वाचून होतं (समजायला जास्त लागतात, ते वेगळं).

वाचताना एक गोष्ट कागदावर करून बघाच. ‘सांगली सांगली सांगली’ एवढा मजकूर घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची आजची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना, अनुस्वार, वेलांटी सगळी वेगळी मोजायची, म्हणजे सांगली १८ बाइट आणि स्पेस धरून १९. डिफ्लेट पहिले १९ बाइट जसेच्या तसे लिहितं आणि मग म्हणू शकतं की १९ मागे जा आणि ३७ उचल. आता मागे तर १९च आहेत, ३७ आणायचे कुठनं? तर उचलून पुढं टाकलेलेच परत उचलायचे, एकेक बाइट करत. इथं ‘फास्ट करतो’ म्हणून मेमकॉपी (सी भाषेतलं एकदम गठ्ठा कॉपी करणारं फंक्शन) वापरलं की बोंबललं, कारण घ्यायची आणि ठेवायची जागा एकमेकांवर येते. मागे जायची मर्यादा ३२ केबी, एका वेळी उचलायची ३ ते २५८ बाइट.

कोड वाचायचा तर झेडलिबच्या (डिफ्लेटची सगळीकडं वापरली जाणारी लायब्ररी) काँट्रिब फोल्डरमधलं पफ हा छोटा उलगडणारा प्रोग्राम वाचा. मार्क अॅडलरने ते मुद्दाम सोपं लिहिलंय, फॉरमॅट समजावा म्हणून, स्पीडची फिकीर न करता. थेट झेडलिबच्या मेन इन्फ्लेटमध्ये, म्हणजे उलगडणाऱ्या खऱ्या कोडमध्ये, घुसू नका, तिथं स्पीडसाठी इतक्या युक्त्या केल्यात की माणूस पहिल्याच दिवशी लॅपटॉप मिटतो.

आता काम कुठलं उचलायचं? आपल्याला जन्मजात मिळालेलं एक काम आहे, मराठी नावाच्या फायली. कुणीतरी जमिनीची कागदपत्रं झिप करून पाठवतं, आपण उघडतो, आणि ‘सातबारा’च्या जागी ग्रीक अल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, मग कायतरी तिसरंच, परत अल्फा, परत एन. व्हायरस नाही ओ तो. नाव यूटीएफ-८ मध्येच असतं पण झिप करणाऱ्याने ‘हे यूटीएफ-८ आहे’ सांगणारा बिट नंबर ११ चालू केलेला नसतो, म्हणून उघडणारा जुन्या डॉसच्या कोडपेज ४३७ (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) प्रमाणे वाचतो, आणि देवनागरीचा पहिला बाइट तिथं अल्फा निघतो, दुसरा बहुतेक वेळा एन. हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट दाखवणारा, बदलू देणारा प्रोग्राम) हा बिट स्वतः चालू करून बघा. नाव आणि बिट झिपमध्ये दोन जागी असतात, फाईलच्या आधीच्या हेडरमध्ये आणि शेवटच्या सेंट्रल डिरेक्टरीत (सगळ्या फायलींची यादी), दोन्हीकडं बदला.

पण म्हणून ‘सगळं यूटीएफ-८ धरा’ असा पॅच (कोडमधला बदल) पाठवलात तर प्रोजेक्टवाले नाकारतील, आणि बरोबरच आहे, कारण खरंच ४३७ मध्ये नावं असलेल्या जुन्या फायली जगात ढिगानं पडल्यात. बाइट यूटीएफ-८ म्हणून वैध आहेत का तपासा, नाहीतर वेगळा ऑप्शन द्या.

आणि चूक कळवणाऱ्या रिपोर्टला कुणाचा खरा सातबारा जोडू नका, नावं, गट नंबर सगळं जगजाहीर होतं. त्याऐवजी तसली चुकणारी फाईल तयार करणारी छोटी स्क्रिप्ट द्या. याला अजून एक कारण आहे. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्याच सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये जो बॅकडोअर (आत शिरायला ठेवलेला चोरदरवाजा) सापडला, त्याचा माल टेस्टच्या बायनरी फायलींतच (माणसाला सरळ वाचता न येणाऱ्या) लपवला होता, आणि आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला तो सापडला तो एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना. बॅकडोअर लावणारा दोनेक वर्षं चांगली कामं करून विश्वास मिळवून बसला होता, आणि मूळ मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) बिनपगारी, फावल्या वेळात तो प्रोजेक्ट सांभाळत होता. तेव्हा अनोळखी माणसाच्या बायनरी फाईलकडं आता कुणी संशयानं बघितलं तर राग मानू नका, आणि उत्तराला महिना लागला तर रोज आठवण करून त्या माणसाला पिडू नका.

नोकरीला उपयोग होतो का? एचआरला घंटा कळत नाही, पण टेक्निकल राउंडला ते १९ मागे आणि ३७ उचल पाटीवर मांडून दाखवलं की समोरचा खुर्चीत सरळ होतो.

रिपोर्ट इंग्रजीतच लिहावा लागतो, त्याला घाबरू नका, चार ओळी पुरतात: कुठली व्हर्जन, कुठली कमांड दिली, काय यायला पाहिजे होतं, काय आलं. खाली स्क्रिप्ट.