ए-फ्रेम, डॉगवॉक आणि सी-सॉवर रबर चढवण्यापूर्वी

कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीत (अ‍ॅजिलिटी) ए-फ्रेम म्हणजे दोन फळ्यांचा टोकदार चढ-उतार, डॉगवॉक म्हणजे उंचावरचा अरुंद पूल आणि सी-सॉ अशी साधने असतात; पाय घसरू नये म्हणून त्यांच्या फळ्यांवर रबराचे दाणे बाइंडरने, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाने, बसवतात. सांगलीत हे काम दिवाळी ते होळी या काळातच उरकावे. पॉलियुरेथेनचा बाइंडर हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होत असला, तरी फळीच्या पोटातला ओलावा त्याला चालत नाही. खालून वाफ आली की फोड येतात आणि पहिल्याच महिन्यात रबराचा पापुद्रा सुटतो. उलट मे महिन्यात फळी इतकी तापलेली असते, की रोलर दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधी पहिल्या टोकाचा बाइंडर ओढायला लागतो. फळी कोरडी दिसते एवढ्यावर विसंबू नये. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी आतल्या बाजूला दव दिसल्यास फळ्या आणखी आठवडाभर पत्र्याच्या शेडखाली उभ्या कराव्यात.

सामान आणण्याआधी क्षेत्रफळ काढावे. ए-फ्रेमच्या 2.7 मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्या, डॉगवॉकच्या 3.6 मीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद अशा तीन आणि सी-सॉची तेवढ्याच मापाची एक, असे धरले तर साधारण सव्वानऊ चौरस मीटर भरतात. 3 मिलिमीटर थराला सुमारे 28 लिटर दाणे लागतात. दाण्यांचे वजन रंगागणिक बदलते, म्हणून हिशेब लिटरमध्येच ठेवावा आणि दहावा हिस्सा जास्त, एकाच लॉटमधला घ्यावा. टायर रिमोल्डिंगच्या कारखान्यातला कीस स्वस्तात मिळतो, पण तो लांबट तंतूंचा असतो, एकसारखा बसत नाही, शिवाय काळा असल्याने उन्हात भयंकर तापतो. मैदानांवर वापरतात ते 1 ते 3 मिलिमीटरचे रंगीत ईपीडीएम (कृत्रिम रबर) दाणे मला अधिक भरवशाचे वाटतात. बाइंडरचा डबा दुकानातच हलवून पाहावा आणि सील तपासावे; एकदा माझ्या गळ्यात आधी उघडलेला डबा पडला होता, घरी येऊन झाकण काढले तर वर सायीसारखा जाड थर धरलेला.

सर्वांत जास्त वेळ जुना पृष्ठभाग काढण्यासाठी राखून ठेवावा. आमच्याकडे वर्षानुवर्षे रंगात वाळू मिसळून फळ्या रंगवल्या जात. कोरडी असताना ती वाळू पंज्याच्या गाद्या सोलते आणि झिजली की त्याच जागी गुळगुळीत टक्कल पडते. हरणी, आमची कारवान जातीची कुत्री, अशाच हातभर टकलावर मागच्या पायाने घसरली आणि नखी मुळापासून फाटून महिनाभर लंगडली. फळी सगळीकडे थोडी घसरडी असेल तर कुत्रा जपून चालतो, पण निम्मी धरणारी आणि निम्मी सोडणारी फळी त्याला फसवते. म्हणूनच ठिगळे न लावता संपूर्ण फळी खरवडावी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते (घरगुती रंगांतील शिशावरची 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली), त्यामुळे पॉलिश पेपर ओला करून घासावे, तोंडाला धुळीचा मास्क लावावा आणि कुत्र्यांना त्या दिवशी आवारात येऊ देऊ नये. फुगलेल्या कडा आणि स्क्रूची भोके लांबीने (पुट्टीने) भरून, ती वाळल्यावर पुन्हा घासून, प्रायमरचा हात द्यावा.

ए-फ्रेम आणि डॉगवॉकवरच्या आडव्या पट्ट्या आधी काढून, त्यांच्या जागा फळीच्या कडेला पेन्सिलीने नोंदवाव्यात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत या पट्ट्यांची जाडी 5 ते 10 मिलिमीटर आहे. त्या जागेवर ठेवून भोवती रबर चढवले तर निम्मी उंची थराखाली जाते. संपर्कपट्टा, म्हणजे फळीच्या टोकाकडचा, कुत्र्याचा पाय पडलाच पाहिजे असा वेगळ्या रंगाचा भाग, ए-फ्रेमवर 106 आणि उरलेल्या दोन साधनांवर 90 सेंटिमीटरचा आखावा. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट वेगळे दिसतात, लाल-हिरव्यात मात्र त्याची गफलत होते. तेव्हा निळ्या फळीवर पिवळा पट्टा घ्यावा.

सी-सॉचे वेगळे पाहावे लागते. तिच्या दोन्ही अर्ध्यांसाठी दाणे आणि बाइंडर वेगवेगळे तोलून ठेवावेत, कारण एका बाजूला पावशेर रबर जास्त झाले तरी फळीचा तोल बदलतो. काम झाल्यावर, खाली येणाऱ्या बाजूच्या संपर्कपट्ट्याच्या मध्यावर 1 किलो वजन ठेवले असता फळी 2 ते 3 सेकंदांत टेकली पाहिजे. आम्ही त्यासाठी मिठाची पिशवी वापरतो.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी रोलर, मास्किंग टेप, चाळण, हातमोजे, बाइंडरच्या वाफेला चालणारा मास्क आणि स्वच्छ ताडपत्री आधीच मांडून ठेवावी. दाणे चाळणीतून भरपूर पेरायचे असतात, आणि न चिकटलेले ताडपत्रीवर पडले तर झाडून पुन्हा वापरता येतात. कामाच्या दिवसाच्या आठवडाभर आधी फूटभर प्लायवर नमुना करावा. तो वाळल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूने घासून पाहावा. ओरखडा उठला तर दाणे फार खरखरीत आहेत. मग पाणी ओतून, हाताने दाबून पाहावे. मुख्य फळ्या वाळेपर्यंत, म्हणजे डब्यावर लिहिलेली मुदत संपून वास पूर्ण जाईपर्यंत, हा नमुना पाण्याच्या भांड्यापुढे ठेवावा, म्हणजे कुत्री त्यावर उभी राहून पाणी पितील आणि नवा पृष्ठभाग त्यांच्या पायांच्या ओळखीचा होईल.