लहान मुलासाठी फेल्टचे कृतिपुस्तक शिवताना

दोन वर्षांच्या मुलाच्या हाती कापडी पुस्तक दिले की ते आधी ओढते, मग तोंडात घालते आणि चित्राकडे त्यानंतर कधीतरी पाहते. त्यामुळे फेल्टचे कृतिपुस्तक, म्हणजे पानापानावर उघडण्या-लावण्याचे खेळ असलेले कापडी पुस्तक, शिवताना चित्र किती सुबक झाले यापेक्षा प्रत्येक तुकडा किती घट्ट बसला याकडे अधिक लक्ष द्यावे. पुढील सगळ्या सूचना याच हेतूने दिल्या आहेत.

फेल्ट हे विणलेले कापड नसून दाबून घट्ट केलेल्या तंतूंचा थर असतो. म्हणून कापल्यावर त्याच्या कडेचे धागे निघत नाहीत आणि कडा दुमडून शिवावी लागत नाही. बाजारात मिळणारे फेल्ट बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि या कामाला ते चालते; मात्र त्यावर गरम इस्त्री थेट फिरवली तर ते वितळते, म्हणून वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री करावी. पानांच्या तळासाठी कागदाच्या आकाराचे सुटे तुकडे पुरत नाहीत, फेल्ट मीटरवर घ्यावे लागते. संभाजीनगरची गुलमंडी किंवा लातूरची गंजगोलाई अशा जुन्या पेठेत जाणे झाले, तर शिलाईच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करावी. गडद रंगाचे फेल्ट आणल्यावर त्याचा छोटा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात तासभर गुंडाळून ठेवावा; रंग उतरला तर ते फेल्ट या पुस्तकासाठी वापरू नये, कारण पुस्तकाची कडा मुलाच्या तोंडात जाणारच.

सुरुवातीला सहा पानांचे आणि मुखपृष्ठ-मलपृष्ठाचे पुस्तक पुरेसे आहे. त्यासाठी ४२ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद असे चार तुकडे कापावेत. दोन बाजूंची २०-२० सेंटीमीटरची पाने आणि मधली २ सेंटीमीटरची पाठ असा हा हिशेब आहे. फेल्टचा पन्हा ९० सेंटीमीटर असेल तर अर्ध्या मीटरमध्ये चारही तुकडे बसतात. दोन तुकडे पाठीला पाठ लावून शिवले की एक जोडपान होते. अशी दोन जोडपाने एकात एक ठेवून मधोमध शिवली की वहीसारखे पुस्तक तयार होते.

इथे पानांचा क्रम हमखास चुकतो. म्हणून दोन कागद एकात एक घालून, दुमडून त्यांची छोटी वही करावी, पानांवर आकडे घालावेत आणि मग कागद उलगडून पाहावेत. बाहेरच्या कागदाच्या आतल्या बाजूस डावीकडे १ आणि उजवीकडे ६ येतो. आतल्या कागदाच्या एका बाजूस ३ आणि ४ शेजारी येतात, तर दुसऱ्या बाजूस डावीकडे ५ आणि उजवीकडे २ येतो. हेच आकडे फेल्टच्या तुकड्यांच्या मागे खडूने लिहून ठेवावेत. बॉलपेन वापरू नये, त्याची शाई धुताना पुढच्या बाजूस उमटते.

पानावरचे सगळे शिवणकाम तुकडा सुटा असतानाच पूर्ण करावे. दोन थर जोडल्यावर मागच्या गाठी, धाग्यांची टोके आणि आधाराचे तुकडे आपोआप आत झाकले जातात आणि मुलाच्या नखाला काही लागत नाही. चित्रांचे साचे जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापावेत.

पाने मुलाच्या ओळखीच्या वस्तूंची असावीत. मला सगळ्यांत आवडते ते बैलाचे पान. लातूरकडच्या घरात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा देवणी बैल करावा, नांदेडकडे तांबड्या रंगाचा लाल कंधारी. बैलाचे अंग सुमारे १४ सेंटीमीटर लांब कापून पानावर काजटाक्याने शिवावे: सुई कडेपासून ४ मिलिमीटर आत खुपसावी, कडेबाहेर काढताना धागा सुईच्या खाली धरावा आणि प्रत्येक टाक्यात तेवढेच अंतर ठेवावे. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे तीन पदर यासाठी घ्यावेत. पोळ्याला घालतात तशी झूल वेगळी कापावी, तिच्यावर आरशांऐवजी रंगीत धाग्याची नक्षी भरावी आणि ती अडकवण्यासाठी बैलाच्या अंगावर दोन मोठी बटणे लावावीत. बटण २५ मिलिमीटरचे असेल तर झुलीला तेवढीच चीर द्यावी, कारण फेल्ट थोडे ताणते; मात्र चिरेच्या कडेने काजटाका घातलाच पाहिजे, नाहीतर महिनाभरात तिचे भोक मोठे होऊन बटण निसटू लागते. बटण शिवताना पानाच्या मागे जाड सुती कापडाचा चौकोन ठेवून धागा त्यातून पार न्यावा. केवळ फेल्टवर शिवलेले बटण जोराने ओढल्यावर फेल्टचा लचका घेऊनच बाहेर येते. गळ्यात खरे घुंगरू बांधण्याचा मोह होतो, पण तो आवरावा आणि घुंगरू पिवळ्या धाग्याने भरावेत.

दुसरे पान कापसाच्या बोंडाचे. पांढऱ्या फेल्टचे चार फुगीर तुकडे मधोमध शिवावेत आणि त्यांवर तपकिरी रंगाच्या चार पाकळ्या केवळ तळाशी दुहेरी टीप घालून बसवाव्यात, म्हणजे मूल एकेक पाकळी उघडते आणि आतला कापूस दिसतो. आत खरा कापूस भरू नये. शिवण उसवली की तो सरळ तोंडात जातो. जालन्याकडच्या मोसंबीचे झाड करून फळे तोडण्या-लावण्याचा खेळ, बाजाराच्या पिशवीची चेन उघडण्याचा खेळ, तीन पट्ट्यांची वेणी आणि भाकरीच्या टोपल्यावरचे झाकण ही उरलेली चार पाने याच रीतीने होतात. वेणीच्या पट्ट्या एका वितीपेक्षा आखूड ठेवाव्यात, म्हणजे त्या गळ्याभोवती गुंडाळल्या जाणार नाहीत.

फळांसाठी वेल्क्रो वापरताना त्याची मऊ बाजू पानावर आणि खरखरीत बाजू फळाच्या मागे शिवावी. उलट केले तर पुस्तक मिटल्यावर खरखरीत बाजू समोरच्या पानाच्या फेल्टला चिकटते आणि त्याचे तंतू उपटते. चिकटपट्टीचा वेल्क्रो घेऊ नये, कारण त्याचा गोंद सुईला लागून प्रत्येक टाका अडतो. वेल्क्रोचे कोपरे गोल कापावेत.

मुलाच्या वयाचा विचार इथे टाळता येत नाही. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलासाठी धोक्याची मानतात. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणजे ते त्यात सहज जाते. त्यामुळे मूल तीन वर्षांखालील असेल तर बटणे, मणी आणि लहान टिचबटणे पूर्ण वगळावीत, झूल वेल्क्रोने बसवावी आणि प्रत्येक सुटा तुकडा निदान ५ सेंटीमीटरचा ठेवावा. लोहचुंबक मात्र कोणत्याही वयाच्या मुलाच्या पुस्तकात नको. दोन चुंबक पोटात गेले तर आतडे मध्ये चिमटते आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

सगळी पाने तयार झाली की जोडपानाचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून टाचणीने धरावेत. फेल्ट पातळ असेल तर दोन्ही पानांच्या आत बकरमचा (ताठ अस्तराच्या कापडाचा) १९ सेंटीमीटरचा चौकोन ठेवावा. पाठीच्या पट्टीत तो येऊ देऊ नये, नाहीतर पुस्तक मिटत नाही. चारही कडांना काजटाका घालावा आणि कोपऱ्यावर एकाच छिद्रातून तीन टाके घ्यावेत. शेवटी दोन्ही जोडपाने एकात एक ठेवून पाठीच्या मध्यावर खडूने रेघ आखावी आणि जाड सुईने, मेण लावलेल्या दुहेरी धाग्याने धावदोरा घालत खाली यावे व मोकळ्या जागा भरत परत वर जावे. फेल्टचे चार थर एकदम टोचायचे असल्याने बोटात अंगुस्तान हवेच. घरात वाकळ शिवणारी आजी असेल तर हे काम तिच्याकडे सोपवावे; तिच्या हाताला जाड थरांची सवय असते.

पुस्तक मुलाच्या हाती देण्यापूर्वी टाचण्या आणि सुया मोजून घ्याव्यात आणि प्रत्येक तुकडा चिमटीत धरून जोराने ओढून पाहावा. जो हलला तो उसवून पुन्हा शिवावा, त्यावर वरून नुसता धागा मारू नये. पुस्तक थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे, पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये दाबावे आणि सावलीत आडवे वाळवावे, कारण एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात फेल्टचा रंग लवकर विटतो. प्रत्येक धुण्यानंतर बटणे आणि पाकळ्यांचे तळ पुन्हा ओढून पाहावेत, आणि जिथे टाका सैल दिसेल ते पान दुरुस्त होईपर्यंत पुस्तक मुलाच्या हाती देऊ नये.