कॉफी शॉपमध्ये इंटरव्ह्यूला जाताय? या चुका टाळा

नऊ वर्षं पुण्यात कॅफेच्या काउंटरमागे काढली, त्यातली शेवटची पाच नवीन मुलं निवडण्यात गेली. कॉलेजं सुरू झाली की पार्टटाइम कामासाठी रांग लागते आणि दरवर्षी चुका त्याच. चांगली, कष्टाळू मुलं तेवढ्यापायी परत जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे सेंट किंवा डिओ मारून येणं. आमचं निम्मं काम नाकावर चालतं. कॉफी शिळी झाली का, जास्त भाजली गेली का, हे आधी वासावरून कळतं. एकदा चिकमगळूरहून नवा लॉट आला होता आणि सकाळी सहा कप मांडून आम्ही चव घेत होतो. तेवढ्यात एक मुलगा इंटरव्ह्यूला आला. बोलणं स्वच्छ, वागणं नम्र, पण डिओ इतका की सहाही कपांना तोच वास. मालकांनी दोन प्रश्न विचारून त्याला वाटेला लावलं. कारण कुणी सांगितलंच नाही. मी जिना उतरून खाली जाईपर्यंत तो गाडीला किक मारून गेला होता. ते अजून मनाला लागून आहे. आंघोळ करा, धुतलेला शर्ट घाला, बस्स. बसमध्ये घाम येतो म्हणून मी आजही पिशवीत एक जास्तीचा शर्ट ठेवतो.

बाकी कपडे साधेच. गडद शर्ट किंवा कॉलरचा टीशर्ट आणि पूर्ण पँट. लग्नातला ब्लेझर नको, त्यात हात वर होत नाहीत. चप्पल-सँडल तर अजिबात नको. फरशी ओली असते आणि उकळतं पाणी पायावर सांडायला क्षण लागत नाही. रबरी तळाचे बंद बूट घाला. केस बांधलेले, नखं कापलेली, अंगठ्या आणि ब्रेसलेट घरी. हा कुणा मॅनेजरचा हट्ट नाही. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांच्या स्वच्छतेचे नियम २०११ पासून लेखी आहेत, आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही सक्तीची आहे.

दुसरी मोठी चूक, ‘मला सगळं येतं’ म्हणणं. चार व्हिडिओ बघून कपात दुधाच्या फेसाने बदामाची नक्षी काढता येते असं सांगणारी मुलं ट्रायलला उभी राहतात आणि दुधापाशीच अडकतात. एकाने स्टीम वाँडमधलं, म्हणजे दूध तापवायच्या वाफेच्या नळीतलं, साचलेलं पाणी आधी सोडलंच नाही, ते सगळं दुधात गेलं. मग पिचर, म्हणजे दुधाचं भांडं, हाताला सोसवेना तरी वाफ चालूच. दूध साधारण ६० ते ६५ अंशांवर थांबवायचं असतं. सत्तरीच्या पुढे गेलं की गोडवा जातो आणि उकळल्या दुधाचा वास येतो. नंतर वाँड न पुसता तो नक्षीच्या मागे लागला आणि वाँडवर दुधाची खरपुडी धरली. नक्षी सहा महिन्यांनी आली तरी चालते हो! वाँड पुसायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लागते. मी ओलं फडकं कायम उजव्या हाताशी ठेवतो, मशीनवरून नजर न हटवता सापडतं. येत नसेल तर ‘येत नाही, शिकेन’ म्हणा. अशा मुलाला मी आधी घेतो.

ऐन गर्दीत, संध्याकाळी सहाला, ‘जागा आहे का?’ विचारायला येऊ नका. दुपारी तीनला या.

फोन खिशात, सायलेंटवर.

कप धुणाऱ्या मावशींना ‘ए’ म्हणून हाक मारलीत तर पुढचं मी विचारतही नाही.

आणि पगार विचारायला लाजू नका, पण शिफ्ट किती तासांची हेही विचारा. क्लोजिंगला सफाई उरकून शटर पडेपर्यंत आमच्याकडे साडेअकरा होतात. घरी कसं जाणार हे आधी ठरलेलं नसेल तर सकाळची शिफ्ट मागा, मी नाही म्हणत नाही.