परदेशी खेळाडूच्या जागेवर खेळताना

सावंतवाडीहून म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर फुटबॉलच्या सरावाला जाणाऱ्या आम्हा मुलांना परदेशी खेळाडूचे जगणे फार लवकर पाहायला मिळाले. ओडाफा ओकोली आणि रँटी मार्टिन्स या नायजेरियन आघाडीवीरांनी गोव्यातल्या क्लबांसाठी गोलांच्या राशी घातल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचेच देशबंधू लहान क्लबांत, भाड्याच्या खोलीत, थकलेल्या पगाराची वाट पाहत बसलेलेही आम्ही पाहिले होते. तेव्हा आम्हाला त्याचे थोडे हसू येई. पुढे मालदीवच्या राजधानीत, मालेत, दोन हंगाम लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळताना तशाच एका खोलीत मी स्वतः राहिलो.

बाहेर खेळू इच्छिणाऱ्या मुलांनी प्रथम हे समजून घ्यावे की तिथला क्लब आपल्याला मर्यादित जागांपैकी एका जागेवर घेतो. आशियातील अनेक लीगमध्ये तीन परदेशी आणि एक आशियाई खेळाडू असा नियम बराच काळ होता, आणि भारतीयाला संधी मिळे ती बहुधा त्या चौथ्या जागेवर. स्थानिक लेफ्ट बॅकने तीन सामन्यांत तीन चुका केल्या तर प्रशिक्षक त्याला समजावून सांगतो. त्याच चुका आपण केल्या तर पुढच्या नोंदणीच्या काळात आपल्या जागी कोणाला आणता येईल याची चौकशी सुरू होते. मला हे अन्यायाचे वाटले नाही, कारण गोव्यात आम्हीही परदेशी खेळाडूंना याच काट्याने तोलत होतो.

खेळापेक्षा कागदांनी मला अधिक दमवले. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना जुन्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र यावे लागते. ते नवा क्लब आणि तिथला महासंघ फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या संगणकीय प्रणालीतून मागवतात, आणि ते येईपर्यंत आपण केवळ सराव करू शकतो. नोंदणीचे काळ वर्षात दोनच असतात. त्यातही इंग्लंडसारख्या देशात आपल्या राष्ट्रीय संघाचे जागतिक क्रमांकातील स्थान पाहिले जाते. 2009 मध्ये भारताचा नामांकित आघाडीवीर सुनील छेत्री याचा क्वीन्स पार्क रेंजर्स या इंग्लिश क्लबाशी करार झाला होता, तरी भारत पहिल्या सत्तरात नसल्याने त्याला कामाचा परवाना मिळाला नाही. छेत्रीची ही गत, तर आपण कोण!

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतराला फिफाने, मोजके अपवाद सोडता, मनाई केली आहे. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला युरोपातल्या क्लबात खेळवतो असे सांगून पैसे मागणारा माणूस दारात आला, तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे. आपल्या भागात पोर्तुगीज पासपोर्टचा मोहही मोठा असतो. तो घेतला की भारतीय नागरिकत्व जाते, आणि भारतीय पासपोर्ट नसलेल्याला भारताच्या संघातून खेळता येत नाही, हे घरच्यांनी आधीच ऐकून घ्यावे.

करार स्वतः वाचावा. परवाना मिळाल्यास किंवा वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यासच करार वैध राहील अशी अट फिफाच्या नियमांत बसत नाही. त्यामुळे क्लबाने या गोष्टी सहीपूर्वीच तपासाव्यात, असा आग्रह आपण धरू शकतो. मला हे ठाऊक नव्हते, आणि पहिल्या करारात ती अट होती.

मालेत राहणे कोकण्याला जड जात नाही. कुपा (ट्यूना) माशाचा चुरा, ओले खोबरे आणि कांदा यांची मास हुनी सकाळी रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर, खाताना घराची आठवण सुसह्य होई. शिरोड्याच्या पुळणीवर खेळून पाय तयार झालेले असल्याने दमट हवेचाही त्रास झाला नाही. कठीण होता तो फोन. वडील रोज एकच विचारत, "पैशे इले काय?", आणि पहिल्या हंगामाच्या शेवटी दोन महिने त्यांना खोटे सांगावे लागले.

अशा वेळी भांडू नये आणि सरावही चुकवू नये, कारण गैरहजेरीचे निमित्त क्लबाला आयतेच मिळते. दोन महिन्यांचा पगार थकल्यास खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची असते. तरीही पैसे मिळाले नाहीत तर त्याला न्याय्य कारणाने करार संपवता येतो आणि फिफाच्या तंटा निवारण मंडळाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मी नोटीस दिली, आणि मुदत संपण्याआधी एका महिन्याचा पगार खात्यात जमा झाला. उरलेला निघण्याच्या दिवशी रोख मिळाला. दुसऱ्या हंगामासाठी मी वेगळ्या क्लबाशी करार केला, तेव्हा पगाराची तारीख आणि परतीचे विमानभाडे ही दोन कलमे मी स्वतः सांगून लिहून घेतली.