पालिकेच्या अंदाजपत्रकाची पीडीएफ उलगडताना

एकट्याने सॉफ्टवेअरचा व्यवसाय करणाऱ्याचा दिवस बहुधा दुकानांची बिले, गृहनिर्माण संस्थांचे हिशेब आणि जीएसटीच्या दुरुस्त्या यांतच जातो. परंतु गावात आपली ओळख ‘कॉम्प्युटरवाले’ अशी झाली असेल, तर केव्हा ना केव्हा कोणीतरी पालिकेच्या अंदाजपत्रकाची पीडीएफ आणून देते आणि ‘आपल्या भागासाठी किती पैसे ठेवलेत, तेवढे काढून द्या’ असे सांगते. काम अर्ध्या तासाचे वाटते. मात्र तीनशे पानांच्या फाइलमध्ये ‘रस्ता’ हा शब्द शोधल्यावर एकही नोंद सापडत नाही, तेव्हा त्याचा खरा आकार कळतो.

प्रोग्रामला हात लावण्याआधी मूळ फाइल मागावी. अंदाजपत्रक लेखा विभागात बहुतेक वेळा एक्सेलमध्येच तयार झालेले असते. आपल्यापर्यंत पोहोचते ती त्याची छापून पुन्हा स्कॅन केलेली प्रत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहितीचा अधिकार’ या व्याख्येत संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवणे समाविष्ट आहे, आणि कलम ७(९) नुसार माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यावयाची असते. दहा रुपये शुल्काच्या अर्जात ‘अंदाजपत्रकाची प्रत’ असे मोघम न लिहिता ‘अंदाजपत्रकाची एक्सेल फाइल, सीडीवर किंवा ईमेलने’ असे नेमके लिहावे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो, हेही लक्षात ठेवावे. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. तोवर पीडीएफवर काम सुरू करण्यास हरकत नाही. मला एकदा सीडी मिळाली, तिच्यात त्याच छापील पानांची आणखी अस्पष्ट छायाचित्रे होती. तेव्हा अर्ज करावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

पीडीएफ हाती आली की तिच्यात कोणते फाँट आहेत ते पाहावे. पॉपलर या मोफत साधनसंचातील पीडीएफफाँट्स ही आज्ञा त्यांची यादी देते. यादी रिकामी आली तर पाने केवळ चित्रे आहेत. यादीत कृतिदेव, श्रीलिपी किंवा सीडॅक या सरकारी संस्थेच्या जुन्या फाँटांची नावे दिसली, तर मजकूर आहे, पण तो युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समान कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही: संगणकाच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे आहेत, त्यांच्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवला आहे. प्रत्येक फाँटचा तक्ता निराळा असल्यामुळे एकाचा रूपांतरक दुसऱ्याला चालत नाही. शिवाय अक्षराला अक्षर बदलूनही भागत नाही, कारण जुने फाँट डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने साठवतात आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. कृतिदेवमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी येते आणि मग ‘क’. युनिकोडमध्ये ‘क’ आधी. रफाराचे नेमके उलटे असते: ‘वर्ग’ या शब्दात कृतिदेवचा रफार ‘ग’नंतर साठतो, युनिकोडमध्ये तो ‘ग’च्या आधी यायला हवा. म्हणून रूपांतर दोन टप्प्यांत करावे. प्रथम अक्षरे बदलावीत आणि नंतर पूर्ण जोडाक्षर ओळखून वेलांटी व रफार जागेवर न्यावेत. ‘निर्मिती’ आणि ‘दुर्गंधी’ हे दोन शब्द नीट उतरले, तर पुष्कळसे काम झाले असे समजावे.

पाने चित्रांची असतील तर ती ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) काढून, चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रामला मराठीच्या विदेसह (भाषेच्या डेटासह) द्यावीत. संपूर्ण तक्ता एकदम देण्याऐवजी स्तंभ कापून द्यावेत, नाहीतर लेखाशीर्षाचा क्रमांक तरतुदीच्या रकमेला जाऊन चिकटतो.

सर्वाधिक वेळ आकड्यांसाठी राखून ठेवावा, कारण अक्षर चुकले तर वाचणाऱ्याच्या लक्षात येते, आकडा चुकला तर येत नाही. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा देवनागरी अंक थेट संख्या म्हणून स्वीकारते. जावास्क्रिप्ट ही भाषा स्वीकारत नाही, त्यामुळे तिथे अंक आधी बदलून घ्यावे लागतात. रकमा रुपयांत आहेत, हजारांत की लाखांत, हे अनेकदा फक्त पहिल्या पानाच्या माथ्यावर असते. ते प्रत्येक नोंदीसोबत साठवावे. मग प्रत्येक पानाची बेरीज छापील ‘एकूण’शी ताडून पाहावी. फरक आला तर तो किती आहे ते नीट पाहावे. त्याला नऊने भाग जात असेल, तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले आहेत. ही जुन्या मुनिमांची युक्ती आजही उपयोगी पडते. फरक ८, ८० किंवा ८,००० असा असेल, तर कुठेतरी १ चा ९ वाचला गेला असण्याची शक्यता मोठी. एका पानासाठी मी दोन रात्री स्वतःचा प्रोग्राम तपासत बसलो आणि शेवटी छापील बेरीजच चुकलेली निघाली. अशा ठिकाणी मूळ आकडा बदलू नये. तो तसाच ठेवून शेजारी टीप द्यावी.

शोधाची सोय करताना मराठीच्या खाचाखोचा पुन्हा आडव्या येतात. पायथॉनच्या नियमित शब्दजुळणीत (रेग्युलर एक्स्प्रेशन) ‘शब्दाचे अक्षर’ या गटात काना-मात्रा धरल्या जात नाहीत, त्यामुळे ‘पाणी’चे तुकडे होतात. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या शोधसूचीतही मूळ मांडणीत मात्रांना शब्दाचा भाग मानले जात नाही. मात्रांचे युनिकोडमधील वर्गही शब्दात धरावेत, असे सूचीला वेगळे सांगावे लागते. ‘पायऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जातो, आणि ‘मलनिःसारण’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकलेला सर्रास आढळतो. साठवण्यापूर्वी ही सगळी रूपे एका रूपात आणावीत आणि तीच प्रक्रिया शोधणाऱ्याने लिहिलेल्या शब्दावरही करावी.

यानंतरचा भाग तांत्रिक नाही, पण तो चुकला तर आधीचे सगळे फुकट जाते. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्तांचे, स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेने मंजूर केलेले अशा तीन रूपांत असू शकते, आणि प्रभागांतील कामांच्या रकमा या प्रवासातच बदलतात. म्हणून तिन्ही वेगवेगळी साठवावीत आणि कोणता आकडा कुठला ते स्पष्ट लिहावे. पुणे, मुंबई यांसारख्या ठिकाणी मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले. त्या काळात नगरसेवकांची समिती वा सभाच नव्हती, तेव्हा समितीचा वा सभेचा स्तंभ रिकामा दिसला तर ती आपली चूक समजू नये. प्रभागाचा क्रमांक ही नोंदीची कायमची ओळख म्हणून वापरू नये, कारण प्रभागरचना बदलली की तोच क्रमांक दुसऱ्याच वस्तीला लागतो. वस्तीचे वा रस्त्याचे नाव आणि आर्थिक वर्ष यांवर भर द्यावा. मुंबई वगळता मोठ्या शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, त्यामुळे एखादे काम एकाच नगरसेवकाच्या नावावर मांडणे टाळावे. तरतूद म्हणजे खर्च नव्हे, हे प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर ठळक लिहावे, आणि प्रत्येक नोंदीशेजारी मूळ पानाचे चित्र जोडावे. ‘हा आकडा कुठून आणला?’ असा फोन येतोच. त्या वेळी पान क्रमांक सांगता आला की संभाषण लवकर आटोपते.

फक्त विरोधकाच्या प्रभागाची यादी, तीही आपल्या नेत्याच्या छायाचित्रासह, मागणारेही येतात आणि त्याचे पैसे देण्याची तयारी दाखवतात. त्यांना सर्व प्रभागांची संपूर्ण फाइल द्यावी, तीही विनामूल्य. हवा तो प्रभाग गाळून घेण्याची (फिल्टरची) सोय एक्सेलमध्ये असतेच.